पेल एलचा गाळ आणि परळच्या डॉक्टरीणबाई

माझा एक भाचा अमेरिकेत असतो. यंदाच्या दिवाळीत तो घाटकोपरला आमच्याकडे आला तेव्हा फराळ बाजूला ठेवून आपल्या नव्या छंदाबद्दल बोलत बसला. त्याने घरी पहिल्यांदाच, तयार अर्क न वापरता, थेट धान्यापासून पेल एल ही बिअर बनवली होती. तिकडे घरापुरती बिअर बनवायला कायद्याची आडकाठी नाही. आपल्या महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे, तेव्हा वाचकांनी पुढची कृती माहिती म्हणूनच वाचावी.

चकलीच्या भाजणीचे प्रमाण सांगावे तसे त्याने सगळे सांगितले. वीस लिटरला साधारण साडेचार किलो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. नाचणीच्या सत्त्वामुळे ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. हे जव भरडून ६६-६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे धान्यातल्याच एन्झाइममुळे पिठूळ भागाची साखर होते. ते गोड पाणी गाळून तासभर उकळायचे. उकळताना हॉप्सची फुले सुरुवातीला टाकली तर कडवटपणा येतो, शेवटी टाकली तर सुवास. मग थंड करून यीस्ट घालायचे. पाण्यात थोडे जिप्समही, कारण ज्या बर्टन गावाने पेल एलला नाव मिळवून दिले तिथल्या पाण्यात ते मुळातच भरपूर असते. दोन आठवड्यांनी बिअर बाटल्यांत भरली आणि तळाला राहिलेला यीस्टचा चिखलासारखा गाळ त्याने मोरीत ओतून दिला.

तिथे मी त्याला थांबवले. त्या गाळाची एक गोष्ट आहे, आणि ती घाटकोपरपासून दहा-बारा किलोमीटरवर, परळला घडलेली आहे. तिच्या नायिकेचे नाव डॉ. ल्यूसी विल्स.

ल्यूसी यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड इथे झाला. वडिलांच्या घराण्याचा कोयते-विळ्यांसारखी धारदार अवजारे बनवण्याचा व्यवसाय होता, आईचे वडील डॉक्टर होते. घरात विज्ञानाची आवड होती. १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या आणि वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकल्या. १९११ मध्ये परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पदवी देत नसे. हा भेद १९४८ पर्यंत चालला. त्याच सुमारास आधी वडील आणि मग बहीण गेली. १९१४ मध्ये त्या दक्षिण आफ्रिकेत असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. केप टाउनच्या रुग्णालयात त्यांनी स्वयंसेविका म्हणून परिचारिकेचे काम केले आणि तिथून परतल्यावर, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला बसल्या.

त्यांचे कॉलेज होते लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन. आपल्या डॉ. रखमाबाई याच कॉलेजातून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या. ल्यूसी १९२० मध्ये डॉक्टर झाल्या. रुग्णांमध्ये प्रॅक्टिस करण्याऐवजी त्यांनी प्रयोगशाळा निवडली आणि रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये गरोदरपणातील शरीरक्रियांवर संशोधन सुरू केले.

त्या काळी हिंदुस्थानात गरोदर स्त्रियांचा एक भीषण रक्तक्षय डॉक्टरांना चक्रावून टाकत होता. दिवस भरत येतील तसे रक्त उतरत जाई, अंगावर सूज येई, आणि कित्येकींचा बाळंतपणाच्या आसपास मृत्यू होई. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने मातामृत्यूंची चौकशी हाती घेतली होती आणि डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी या कामासाठी ल्यूसींना बोलावले. १९२८ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, त्या मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये कामाला लागल्या. प्लेगच्या लशीमुळे गाजलेली ही संस्था पूर्वी गव्हर्नरांचे निवासस्थान होती.

आधी त्यांनी जंतुसंसर्गाची शंका तपासली. काही हाती लागले नाही. मग त्यांनी बाळंतिणींच्या ताटाकडे मोर्चा वळवला. डॉ. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. कोणाच्या घरी काय शिजते, भाजी किती, दूध किती, हे विचारत गेल्यावर चित्र स्पष्ट झाले. आजाराचे प्रमाण सर्वांत जास्त होते ते पडद्यात राहणाऱ्या गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये, आणि ज्यांचे ताट सर्वांत निकस त्याही त्याच. तसाच आहार त्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिला. उंदरांचेही रक्त उतरले. आहारात यीस्ट मिसळल्यावर ते उतरायचे थांबले. उंदरांच्या रक्तक्षयाला उवांमधून पसरणारा एक संसर्गही कारणीभूत असल्याचे पुढे लक्षात आले, तरी शोधाची दिशा बरोबर होती. नंतर माकडांवरच्या प्रयोगांनीही तेच दाखवले.

आता प्रश्न होता औषधाचा. यकृत खाल्ल्याने एक प्रकारचा घातक रक्तक्षय बरा होतो हे अमेरिकेत १९२६ मध्ये सिद्ध झाले होते, पण यकृताचा अर्क महाग. चाळीत राहणाऱ्या बाईला तो परवडणार कसा? ल्यूसी यांनी स्वस्त पर्याय शोधला तो मार्माइटमध्ये. आणि मार्माइट म्हणजेच माझ्या भाच्याने मोरीत ओतलेला गाळ.

पेल एलच्या त्याच बर्टन गावात १९०२ मध्ये मार्माइटचा कारखाना निघाला होता, आणि त्याला यीस्ट मिळे ते तिथल्या प्रसिद्ध बास ब्रुअरीकडून. बिअर आंबताना यीस्ट कितीतरी पटींनी वाढते. पुढच्या घाण्याला त्यातले थोडेच लागते, उरलेल्याचे काय करायचे हा प्रश्न असतो. त्यात मीठ घातले की यीस्टच्या पेशी आपल्याच एन्झाइमने विरघळतात. तो रस गाळून आटवला की काळपट, खारट, चिकट लेप तयार होतो. इंग्रज तो पावाला लावून खात. ज्या गावातून साहेबांसाठी हिंदुस्थानात पेल एलची पिंपे येत, त्याच गावातल्या टाकाऊ गाळाचा लेप ल्यूसींनी मुंबईच्या गरोदर बायकांना औषध म्हणून दिला.

काही दिवसांतच रक्तात नव्या तांबड्या पेशी दिसू लागल्या, भूक परतली, हिमोग्लोबिन चढू लागले. हे निष्कर्ष १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या आणखी एका निरीक्षणाचे मोल पुढे कळले. शुद्ध केलेल्या यकृत अर्काने या स्त्रिया बऱ्या होत नव्हत्या, साध्या, कच्च्या अर्काने होत होत्या. याचा अर्थ शुद्धीकरणात निघून जाणारे काहीतरी त्यांना हवे होते. त्या अज्ञात घटकाला विल्स फॅक्टर हे नाव पडले.

तो घटक म्हणजे फोलेट. १९४१ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी तो पालकाच्या पानांतून वेगळा केला, आणि लॅटिनमधल्या पानाच्या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड म्हटले. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. त्या चमूचे प्रमुख होते आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. पेशीचे विभाजन होण्यासाठी डीएनएची नवी प्रत लागते आणि त्यासाठी फोलेट लागते. ते नसले की पेशी फुगत जाते पण विभागत नाही. कणकेचा गोळा मोठा होत राहावा आणि त्याचे उंडेच पडू नयेत, तसे. म्हणून पेशी मोठ्या, पण मोजक्या.

ल्यूसी १९३७-३८ मध्ये पुन्हा हिंदुस्थानात येऊन हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करून गेल्या. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली रॉयल फ्री हॉस्पिटलवर उडता बॉम्ब पडला, तरी त्यांनी काम सोडले नाही. तिथे रक्तविकारांचा पहिला विभाग त्यांनीच उभा केला. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथे आहार आणि रक्तक्षयाचा अभ्यास चालूच होता. त्या अविवाहित होत्या. मोटारीऐवजी सायकलने कामावर जात, डोंगर चढत, आणि चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणूनही दहा वर्षे काम केले. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. फॉलिक ॲसिड बाळाच्या मणक्यातील आणि मेंदूतील जन्मजात दोष टाळते, हे निर्विवाद सिद्ध करणारी मोठी चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. ती पाहायला त्या नव्हत्या.

इथवर ऐकून भाच्याने हळूच विचारले, की मग बिअरही पौष्टिकच म्हणायची का. नाही. फोलेट मुख्यतः गाळातल्या यीस्टमध्ये असते, आणि दारू तर शरीराला फोलेट शोषू देत नाही. गरोदरपणात तर दारूचा थेंबही नको.

आज विल्स फॅक्टर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. गरोदरपणात दिल्या जाणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक, ५२.२ टक्के, गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गेल्या पावसाळ्यात माझ्यासमोर नवव्या महिन्यातली एक मुलगी बसली होती. हिमोग्लोबिन सहाच्या खाली, धाप लागलेली. तिच्या पिशवीत गोळ्यांच्या चार पट्ट्या होत्या, एकही न फोडलेली. शौचाला काळे होते म्हणून सासूबाईंनी नको सांगितले होते. काळे होते ते लोहामुळे, त्याने काही बिघडत नाही, हे तिला तोवर कोणी समजावले नव्हते. रक्त चढवले, बाळ-बाळंतीण वाचली. पण ती धावपळ टाळता आली असती.

म्हणून तीन गोष्टी. मूल हवे असे ठरले की दिवस राहण्याआधीपासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करा, कारण बाळाचा मज्जारज्जू पहिल्या २८ दिवसांतच घडतो, बहुतेकींना दिवस गेल्याचे कळण्याआधी. लाल गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, त्याने लोह नीट शोषले जात नाही. आणि ताटात पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग राहू द्या, भाजी फार वेळ शिजवू नका. घरात कोणी गरोदर असेल तर आज तिच्या गोळ्यांची पट्टी एकदा पाहा. किती उरल्या आहेत ते मोजा, आणि घ्यायच्या राहिल्या असतील तर का, ते तिला प्रेमाने विचारा.