कामाच्या दिवसाला सीमा घालणारे लोखंडे

जादा कामाला नेहमीच्या वेतनाच्या दुप्पट दराने मोबदला मिळाला पाहिजे, हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्याने देशभर मान्य केले. परंतु जादा काम कोणते हे ठरण्यापूर्वी पुरेसे काम किती, हे ठरावे लागते. ज्या दिवसाला शेवटच नाही, त्यात ‘ओव्हरटाइम’ संभवतच नाही. हा मुद्दा गिरणीमालकांपुढे आणि सरकारपुढे प्रथम संघटितपणे मांडणाऱ्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा. रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केल्यानंतर ते मुंबईच्या मांडवी भागातील एका कापडगिरणीत भांडारपाल झाले. गिरणीचा कारभार त्यांना तेथे आतून पाहावयास मिळाला. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे ते अनुयायी होते. १८८० मध्ये ‘दीनबंधु’ पत्राची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि कामगारांची गाऱ्हाणी छापील शब्दांत उमटू लागली.

त्या काळी गिरणीचा दिवस सूर्यावर चाले. उजाडताच यंत्रे सुरू होत आणि अंधारून आल्यावर थांबत. उन्हाळ्यात दिवस लांबला की श्रमही लांबत. महिनेवारी पगार मात्र तेवढाच राही. सुट्टीच्या दिवशीही यंत्रसफाईसाठी कामगारांना अनेक गिरण्यांत बोलावले जाई. १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने तास ठरविले ते केवळ मुलांचे. प्रौढ स्त्री-पुरुषांना त्यात संरक्षण नव्हते.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत लोखंडे यांनी कामगारांच्या सभा भरविल्या. तेथे मंजूर झालेल्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. यांत पगारवाढीची मागणी नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वेळेचे आणि वेतनाचे माप आधी निश्चित झाल्याखेरीज वाढीव वेळेचा हिशेब मागता येत नाही, हे त्यामागचे अर्थशास्त्र होय.

त्यांच्या ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ला वर्गणीदार सभासद नव्हते, निधी नव्हता, लेखी नियमही नव्हते. आजच्या अर्थाने ती कामगार संघटना नव्हती, हा आक्षेप खराच आहे. तरीही २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला भरलेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री-कामगारांनी तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या कारखाने आयोगाच्या कामात लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी, दुपारची विश्रांती आणि स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा या गोष्टी दिल्या.

पुरुषांच्या तासांना मात्र मर्यादा पडली नाही. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असताना, त्याच रोगाने लोखंडे यांचा अंत झाला. पुढे १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताचा उरलासुरला आधारही गेला. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर पोहोचला. कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा १९११ मध्ये मिळाली. १९२२ मध्ये आठवड्याचे साठ तास ठरले आणि जादा कामास किमान सव्वापट दर आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना, १९४६ मध्ये, चोपन्न तासांचे अठ्ठेचाळीस झाले. सीमा आधी आणि मोबदला मागाहून, हाच क्रम या सर्व इतिहासात दिसतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील कामाची दैनिक मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि जादा कामाची त्रैमासिक मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती ही त्यातील अट आहे. ज्याला नोकरी टिकवायची आहे, त्याच्या संमतीत स्वेच्छा किती आणि नाइलाज किती, हे कागदावरून कळत नाही. दुप्पट दराचे आश्वासन मोलाचे खरे. परंतु ते हाती पडते की नाही, हे तासांची नोंद कोण ठेवतो आणि ती कोण तपासतो यावर अवलंबून राहील. सुपारीबागेतील कामगारांनी सह्या केल्या होत्या त्या कामाचे तास आखून घेण्यासाठी. आज तास वाढविण्यासाठी कामगाराची सही घेतली जाणार असेल, तर त्या सहीमागे त्याची संघटना आणि सरकारचा दक्ष कारखाना-निरीक्षक उभा असला पाहिजे.