उंदराच्या रक्तातील पिळदार जंतू

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीत उंदीर-घुशींचा वावर नवा नाही. उंदीर चावला, तर जखमेला हळद लावून विषय संपवला जातो. पण काही वेळा जखम भरल्यानंतर, एक ते तीन आठवड्यांनी ताप चढतो, उतरतो आणि पुन्हा येतो. या तापाचा एक जंतू १८८७ मध्ये मुंबईतील उंदराच्या रक्तात सर्वप्रथम टिपला, तो डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी.

कार्टर यांचा जन्म इंग्लंडमधील हल येथे २२ मे १८३१ रोजी झाला. वडील चित्रकार, रेखाटनाचा वारसा घरातूनच लाभला. हेन्री ग्रे यांच्या १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथातील चित्रे त्यांनीच काढली. ग्रंथ ग्रे यांच्या नावाने अजरामर झाला. चित्रकाराच्या पदरी एकरकमी मोबदला पडला. त्याच वर्षी ते सरकारी वैद्यकीय सेवेत मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. पुढे साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणून त्यांनी अनेक वर्षे काढली. कुष्ठरोग आणि पायाला होणारा बुरशीचा विकार यांवर त्यांनी मूलगामी संशोधन केले.

१८७७ च्या दुष्काळात गावे सोडून मुंबईत आलेल्या भुकेल्या माणसांत उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. त्या रुग्णांच्या रक्तात कार्टर यांना पिळदार जंतू दिसले. ही सूक्ष्मदर्शकावर बसलेली नजरच पुढे उंदराकडे वळली. कलकत्त्यात टिमोथी लुईस यांनी १८७८ मध्ये निरोगी उंदरांच्या रक्तात शेपटीसारख्या तंतूने हालचाल करणारे परजीवी पाहिले होते. कार्टर यांना आढळलेला जंतू निराळा, आखूड आणि पिळाचा होता. त्याला त्यांनी 'स्पिरिलम मायनर' हे नाव दिले.

हा जंतू माणसाला आजारी पाडतो, हे जपानी संशोधकांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवले. ते पाहण्यास कार्टर हयात नव्हते. १८८८ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी परतलेल्या कार्टर यांचे ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयाने निधन झाले.

प्रयोगशाळेतील कृत्रिम खाद्यावर हा जंतू आजही वाढत नाही. त्यामुळे निदानासाठी रक्ताचा किंवा जखमेतील स्रावाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो. पेनिसिलिनने आजार बरा होतो. मात्र उंदीर चावल्याचे रुग्णाने डॉक्टरांना सांगायला हवे. भरून आलेली जखम विसरली गेली, तर कार्टर यांनी दाखवलेला जंतू शोधण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.