डिझेल : माणूस, इंजिन आणि धूर

जुन्या गाडीचे ॲव्हरेज वाढवायचे म्हणून पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी डिझेल इंजिन बसवण्याची एकेकाळी आपल्याकडे चाल होती. कितीतरी ॲम्बेसिडर आणि पद्मिनी अशा ‘डिझेल करून’ घेतल्या गेल्या. पंपावर रोज कानी पडणारा हा शब्द मुळात एका माणसाचे आडनाव आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये एका जर्मन बुकबाइंडरच्या घरी झाला. १८७० मध्ये युद्ध पेटले, कुटुंबाला लंडन गाठावे लागले आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिक्षणासाठी ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. पुढे म्युनिकमध्ये प्रा. लिंडे यांच्या वर्गात त्यांना कळले, की वाफेचे इंजिन कोळशातली सुमारे नव्वद टक्के ऊर्जा वाया घालवते. ही उधळपट्टी थांबवणे हेच त्यांनी आयुष्याचे काम मानले.

त्यांची कल्पना साधी होती. सिलिंडरमध्ये नुसती हवा इतकी दाबायची, की ती तापून इंधन ठिणगीशिवाय पेटेल. दाब जितका जास्त, तितके त्याच इंधनातून काम अधिक. १८९३ च्या पहिल्या चाचणीत यंत्राचा भाग फुटून उडाला आणि ते थोडक्यात बचावले. १८९७ मध्ये मात्र त्यांच्या इंजिनाने इंधनातली सुमारे २६ टक्के ऊर्जा कामी आणून दाखवली.

पैसा आणि कीर्ती आली, पण प्रकृती ढासळली. पेटंटचे वाद, सततची डोकेदुखी, झोप उडालेली. १८९८ मध्ये त्यांना म्युनिकच्या आरोग्यधामात राहावे लागले. जमिनींच्या व्यवहारात पैसा बुडाला. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ बोटीवरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी मृतदेह समुद्रात सापडला. नेमके काय घडले हे आजवर सिद्ध झालेले नाही. पण दीर्घकाळ न येणारी झोप आणि मनावरचा ताण हे आजार आहेत, त्यांवर उपचार आहेत. ते अंगावर काढू नयेत.

त्यांचे इंजिन मात्र जगभर पोहोचले. आपल्याकडे एसटी, ट्रक, ट्रॅक्टर आणि विहिरीवरचे पंप त्यावरच चालले. डिझेल यांनी इंधन वाचवले. धुराचा हिशेब मात्र नंतर लागला. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग करणारा ठरवला. काजळीचे बारीक कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. दमेकऱ्यांना, लहान मुलांना आणि हृदयरुग्णांना त्यांचा त्रास आधी होतो. जालना रोडच्या सिग्नलवर दुचाकीवर थांबणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा जुन्या गाडीचे ॲव्हरेज वाढवायचे असेल, तर इंजिन बदलण्याच्या भानगडीत पडू नका. परवानगीशिवाय ते कायद्यातही बसत नाही. टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि वेळच्या वेळी सर्व्हिसिंग एवढे सांभाळा, सिग्नलवर इंजिन बंद करा. वाचलेले इंधन खिशाला लागेल, आणि न निघालेला धूर शेजारच्याच्या छातीत जाणार नाही.