पंडिता रमाबाई : एकीपासून अनेकींपर्यंत

मुंबईहून ठाण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भांडूप व मुलुंड ह्यांच्या दरम्यान नाहूर हे गाव लागते. हाच मार्ग पुढे कल्याणावरून घाट चढून पुण्यास व पुण्यापलीकडे केडगावास जातो. सन १८९० मध्ये पंडिता रमाबाईंनी आपले शारदासदन मुंबईहून पुण्यास नेले. त्या काळी नाहूर येथे गाडी थांबत नव्हती. त्या लहानशा शाळेतून पुढे किती मोठे कार्य निघणार आहे, हे तेव्हा कोणाच्याही ध्यानात आले नसावे.

ज्या गावी मंडळीची चारपाचच घरे आहेत, तेथील उपदेशकास पुष्कळदा वाटते की, इतक्या थोड्या माणसांसाठी एवढे श्रम कशास? अशा बंधूने रमाबाईंचे चरित्र अवश्य ध्यानात आणावे.

ह्या कार्याचा आरंभ रमाबाईंच्याही पूर्वी झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान ब्राह्मण होते. पेशव्यांच्या घरातील स्त्रीस संस्कृत शिकविले जात आहे, हे त्यांनी तरुणपणी पाहिले आणि आपणही आपल्या पत्नीस शिकवावे असा निश्चय केला. ज्ञातीतील लोक रागावले. तथापि त्यांनी आपला निश्चय सोडला नाही. ते गंगामूळच्या अरण्यात जाऊन राहिले व तेथे पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस त्यांनी शिकविले. त्याच अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला, आणि आईने पहाटे उठून आपल्या कन्येस पाठ दिले. एका पुरुषाने एका स्त्रीस शिकविले, इतकेच ते काम होते.

पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. दुष्काळाने त्यांस गाठले. झाडपाल्यावर दिवस काढावे लागले आणि आईबाप व थोरली बहीण ही एकामागून एक वारली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु १८८० मध्ये बंधू वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला, आणि १८८२ मध्ये पतीही पटकीने वारला. पदरी मनोरमा ही लहान कन्या होती. वयाच्या तेविसाव्या वर्षीच विधवेची अवस्था त्यांनी स्वतः अनुभविली.

त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांस शिक्षिका व स्त्री डॉक्टर मिळावे अशी मागणी केली. १८८३ मध्ये त्या विलायतेस गेल्या. तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अमेरिकेत त्यांनी हिंदी विधवांची दशा लोकांपुढे मांडली, आणि तेथील मित्रांनी दहा वर्षे साह्य देण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. तेव्हा विद्यार्थिनी किती होत्या? हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच.

त्या थोड्या मुलींत गोदूबाई नातू ही पहिली विधवा विद्यार्थिनी होती. आठव्या वर्षी तिचे लग्न झाले व काही महिन्यांतच ती विधवा झाली. पुढील कितीतरी वर्षे सासरच्या घरकामात गेली. विशी उलटल्यावर तिच्या भावाने तिला सदनात आणले. ह्या वयात अक्षरांपासून आरंभ करणे सोपे नव्हते. परंतु रमाबाईंनी तिला शिकविले.

मार्च १८९३ मध्ये गोदूबाईचा पुनर्विवाह फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे अध्यापक धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशी झाला. ती आनंदीबाई कर्वे झाली. ह्या विवाहामुळे कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांस बहिष्कृत केले. त्याच वर्षी सदनावरही संकट आले. मुली ख्रिस्ती होतील ह्या भीतीने अनेक पालकांनी त्यांस काढून नेले, आणि मोठमोठ्या पुढाऱ्यांनी सल्लागार मंडळ सोडले. वरवर पाहता रमाबाईंचे कार्य बुडाले असेच कोणीही म्हटले असते. पण ज्या वर्षी घर रिकामे झाले, त्याच वर्षी त्या घरातून निघालेली एक विद्यार्थिनी दुसऱ्या मोठ्या कार्याच्या उंबरठ्यावर उभी राहिली होती.

१८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली. पुढे हिंगण्यास आश्रम उभा राहिला आणि १९१६ मध्ये स्त्रियांचे विद्यापीठ निघाले. आनंदीबाईंनी ह्या कामी पतीस साह्य केले. त्यांची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले ह्यांनी आश्रमाची सेवा पत्करली व त्यासाठी अमेरिकेपर्यंत जाऊन वर्गणी गोळा केली. हा आश्रम ख्रिस्ती नव्हता. रमाबाईंच्या मंडळीच्या नोंदवहीत ह्या कामाचा एक शब्दही आढळणार नाही. तथापि त्याचे एक मूळ शारदासदनात होते, हे नाकारता येत नाही.

रमाबाई स्वतः थांबल्या नाहीत. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या. उपासमार म्हणजे काय, हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. तेथून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या आणि केडगाव येथे मुक्तिसदन वाढले. गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्यांचे पोषण एकट्या बाईस झेपणारे नव्हते. म्हणून त्यांनी त्यांसच कामास लाविले. थोरल्या मुली धाकट्यांस शिकवीत. शेती, विणकाम, स्वयंपाक, छापखाना ही कामे त्याच चालवीत. मनोरमाबाईंनी आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही समजावे म्हणून रमाबाईंनी इब्री व हेल्लेणी भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि त्याचे खिळे त्याच छापखान्यात स्त्रियांनी जुळविले. कन्येचा १९२१ मध्ये अंत झाला. ५ एप्रिल १९२२ रोजी मातेनेही देह ठेविला. मुक्तीचे काम मात्र आजही चालू आहे.

प्रिय वाचकहो, अनंतशास्त्र्यांनी एकीस शिकविले, लक्ष्मीबाईंनी एकीस शिकविले, रमाबाईंनी गोदूबाईस शिकविले. ह्यांपैकी कोणासही शेवटची संख्या ठाऊक नव्हती. समोर आलेल्या एका जिवाकडे त्यांनी पाठ फिरविली नाही, एवढेच त्यांनी केले. म्हणून रात्रीच्या शाळेत एकच मुलगी आली तरी दिवा विझवून घरी जाऊ नये. तिला पाठ पूर्ण द्यावा. तिचे फळ आपल्या वहीत लिहिले जावो अथवा दुसऱ्याच्या, देणे आपले आहे.