‘डोमकावळा’ लिहिणारा कवी : एडगर अ‍ॅलन पो

अमेरिकन कवी एडगर अ‍ॅलन पो याचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी बॉस्टन शहरी झाला. आईबाप दोघेही रंगभूमीवर काम करीत. बाप लवकरच संसार सोडून गेला आणि १८११ साली आई वारली. रिचमंडच्या जॉन अ‍ॅलन नामक व्यापाऱ्याने त्या पोरक्या बालकास वाढविले. परंतु पुढे दोघांचे जमले नाही. कर्जापायी पोला विद्यापीठ सोडावे लागले. काही काळ त्याने शिपाईगिरी केली आणि अखेर मासिकांचे संपादन व लेखन यांवर तो गुजराण करू लागला.

१८३६ साली त्याने आपली आतेबहीण व्हर्जिनिया हिच्याशी विवाह केला. घरी दारिद्र्य होते. तरी आत्या, पत्नी आणि पो ही तिघे एकमेकांस धरून होती. १८४२ च्या जानेवारीत गाणे म्हणत असता व्हर्जिनियाच्या मुखातून रक्त आले. तो क्षय होता. तिला कधी उतार पडे, कधी दुखणे पुन्हा उलटे. या हेलकाव्यांत पोचे मन खचत गेले व तो मद्याच्या आहारी जाऊ लागला.

अशा दिवसांत लिहिलेली ‘द रेव्हन’, म्हणजे ‘डोमकावळा’, ही कविता २९ जानेवारी १८४५ रोजी न्यूयॉर्कच्या ‘ईव्हनिंग मिरर’ पत्रात प्रसिद्ध झाली. मृत प्रियेच्या आठवणीने व्याकूळ झालेला तरुण डिसेंबरातील मध्यरात्री ग्रंथ चाळीत बसला आहे. एक डोमकावळा खिडकीतून येऊन दारावरील पुतळ्यावर बसतो. ती पुन्हा भेटेल काय, या प्रश्नालाही तो एकाच नकाराच्या शब्दाने उत्तर देतो. उत्तर ठाऊक असूनही तरुण विचारीतच राहतो. आपल्याकडे पिंडाला कावळा शिवला की मृताची इच्छा पुरी झाली असे मानतात. हा पक्षी मात्र कोणतीच इच्छा पुरी करीत नाही.

कविता छापली गेली तेव्हा व्हर्जिनिया हयात होती. येऊ घातलेला वियोग कवीने आधीच भोगला होता. वृत्तपत्रांनी कविता भराभर पुनर्मुद्रित केली. पोचे नाव झाले, दारिद्र्य मात्र हटले नाही. १८४६ च्या हिवाळ्यात फोर्डहॅमच्या लहानशा घरात व्हर्जिनिया पतीचा जुना कोट पांघरून, उबेसाठी मांजर छातीशी धरून पडलेली असे. ३० जानेवारी १८४७ रोजी ती निवर्तली. ७ ऑक्टोबर १८४९ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, पोही बाल्टिमोर येथे मरण पावला.

कविता मात्र देशोदेशी गेली. फ्रान्समध्ये बोदलेअरने १८५३ साली तिचे गद्य भाषांतर केले. १८७५ साली मालार्मेचे भाषांतर चित्रकार माने याच्या चित्रांसह निघाले. गुस्ताव दोरे यानेही आयुष्याच्या अखेरीस तिच्यावर चित्रे रेखाटली. १९०० साली इंग्रज संगीतकार जोसेफ होलब्रुक याने तिच्यावरून वाद्यवृंदासाठी रचना केली. १९६३ साली रॉजर कॉर्मनने तिच्या नावाने चित्रपट काढला, तोही विनोदी! १९९६ साली बाल्टिमोरच्या फुटबॉल संघाने याच पक्ष्याचे नाव घेतले.

त्याच बाल्टिमोरात आज पो, व्हर्जिनिया आणि आत्या ही तिघे एका स्मारकाखाली विसावली आहेत. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही कविता एकदा मोठ्याने वाचावी. तिच्या यमकांचा नाद कानी पडेलच. पण वाचताना, ती लिहिली गेली तेव्हा घरातील दिवा अजून विझला नव्हता, हेही ध्यानी ठेवावे.