पुस्तके बांधणारा मुलगा ते विजेचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ: कोण होते मायकल फॅरेडे? पाणी तपासणीशी त्यांचा काय संबंध?

ग्लुकोमीटरची पट्टी रक्ताच्या एका थेंबातून साखर कशी ओळखते? पाण्यात विरघळलेले, डोळ्यांना न दिसणारे शिसे यंत्राला कसे कळते? दोन्ही उत्तरांचा पाया जवळपास २०० वर्षांपूर्वी मायकल फॅरेडे यांनी घातला. मुळा-मुठा आणि भीमेच्या काठी राहणाऱ्या शिरूर-दौंडकरांनी त्यांची गोष्ट आवर्जून वाचावी अशी आहे.

लोहाराच्या घरात जन्म

फॅरेडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. वडील लोहारकाम करत. शाळा जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरती झाली. १४ व्या वर्षी ते पुस्तकबांधणी शिकायला लागले आणि बांधायला आलेली पुस्तके वाचूनही काढू लागले. १८१२ मध्ये त्यांनी रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली. त्याची टिपणे स्वतः बांधून त्यांनी डेव्हींना पाठवली. मार्च १८१३ मध्ये त्यांना लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सहायकाची नोकरी मिळाली.

हिराही कार्बनच!

डेव्हींसोबत ते युरोपच्या दौऱ्यावर गेले. १८१४ मध्ये फ्लॉरेन्स येथे दोघांनी मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून ऑक्सिजनमध्ये हिरा जाळला. उरला तो फक्त कार्बन डायऑक्साइड. म्हणजे हिरा हा शुद्ध कार्बनच, हे त्यांनी दाखवले.

वीज मोजली की पदार्थ मोजला

१८३१ मध्ये त्यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधले. जनित्र आणि ट्रान्सफॉर्मर त्यावरच चालतात. नंतर ते द्रावणातून वीज सोडण्याच्या प्रयोगांकडे वळले. जितकी वीज वाहते तितक्याच प्रमाणात पदार्थ वेगळा होतो, हा नियम १८३३-३४ मध्ये त्यांनी मांडला. इलेक्ट्रोड, अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्दही त्याच काळात विल्यम ह्यूएल यांच्या मदतीने रूढ केले.

याचा अर्थ सोपा आहे. वाहिलेल्या विजेवरून किती कणांची अभिक्रिया झाली, याचा हिशेब लावता येतो. एक मोल इलेक्ट्रॉनसाठी सुमारे ९६,४८५ कूलोम प्रभार लागतो. आज या आकड्याला फॅरेडे स्थिरांक म्हणतात.

थेम्समध्ये टाकलेले कार्डाचे तुकडे

७ जुलै १८५५ रोजी फॅरेडे आगबोटीने थेम्स नदीतून जात होते. लंडनच्या सांडपाण्याने नदी सडली होती. त्यांनी पांढऱ्या कार्डाचे तुकडे ओले करून पाण्यात टाकले. लख्ख ऊन असूनही ते इंचभर बुडण्याआधीच दिसेनासे झाले. त्यांनी ही माहिती वृत्तपत्राला पत्र लिहून जाहीर केली. तीन वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात दुर्गंधी थेट संसदेत शिरली. त्यानंतर मात्र सरकार हलले आणि भुयारी गटारांचे मोठे काम हाती घेण्यात आले.

फॅरेडे यांनी सर ही पदवी आणि रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, दोन्ही नाकारले. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज इलेक्ट्रोड काय करतो?

कार्डाच्या तुकड्याने गढूळपणा कळतो, विरघळलेले विष कळत नाही. तिथे इलेक्ट्रोड लागतो. कार्बन स्वस्त असतो, वीज वाहून नेतो, सहसा अभिक्रिया करत नाही आणि शाईसारखा छापताही येतो. अमेरिकेतील राल्फ अॅडम्स यांनी १९५८ मध्ये ग्रॅफाइटची भुकटी तेलात कालवून इलेक्ट्रोड बनवला. पुढे अशा पृष्ठभागावर हवा तो थर चढवण्याचे तंत्र वाढले. ग्लुकोमीटरच्या अनेक पट्ट्यांत कार्बनवर साखर ओळखणारे विकर असते. शिशासाठी बिस्मथचा थर वापरतात. आधी शिसे इलेक्ट्रोडवर साचवायचे, मग सोडवायचे आणि सुटताना वाहणारी वीज मोजायची.

शिरूर-दौंडसाठी हे का महत्त्वाचे?

पुण्याचे पाणी घेऊन येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमा पुढे दौंडवरून उजनीकडे जाते. शिवाय रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एवढे शिसे असलेले पाणी स्वच्छच दिसते. म्हणून विहिरीचे किंवा बोअरचे पाणी नितळ आहे, एवढ्यावर विसंबू नये; ते प्रयोगशाळेत तपासून घ्यावे आणि अहवाल ग्रामपंचायतीसमोर ठेवावा. फॅरेडे यांनीही निरीक्षण स्वतःजवळ न ठेवता छापायला दिले होते.