पेशींच्या वाटांचा शोध घेणारे वॅडिंग्टन

डुकराच्या स्नायूतील पेशी आणि त्याच्याच चरबीतील पेशी यांच्यात जनुकांचा संच एकच असतो. तरीही एक आकुंचन पावते, दुसरी मेद साठवते. हा फरक आज आरएनएवरील मिथिल गटांच्या खुणांतूनही तपासला जात आहे. प्रश्न मात्र जुना आहे. त्याला नाव आणि चित्र देण्याचे श्रेय कॉनराड हॅल वॅडिंग्टन यांचे.

वॅडिंग्टन यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९०५ रोजी इंग्लंडमधील इव्हशम येथे झाला. वडील दक्षिण भारतात चहाच्या मळ्यावर असल्याने आयुष्याची पहिली सुमारे तीन वर्षे भारतात गेली. पुढे मुलाला इंग्लंडमधील नातलगांकडे ठेवण्यात आले. आईवडील १९२८ पर्यंत भारतातच राहिले. केंब्रिजमध्ये ते शिकले भूशास्त्र. अमोनाइट या लुप्त सागरी जीवांच्या जीवाश्मांनी त्यांना उत्क्रांतीकडे आणि तेथून भ्रूणविज्ञानाकडे नेले.

भ्रूणाचा एक लहानसा तुकडा दुसऱ्या भ्रूणावर रोपला, तर तेथे नवे शरीर आकार घेऊ लागते, हे जर्मनीत १९२४ साली उभयचर प्राण्यांत दिसून आले होते. वॅडिंग्टन यांनी तसाच प्रभाव कोंबडीच्या भ्रूणात दाखविला. मग जोसेफ नीडहॅम आणि जाँ ब्राशे यांच्यासह त्यांनी या तुकड्यात दडलेले रसायन शोधायला घेतले. मृत तुकडाही काम करतो, हे कळल्यावर आशा वाढली. परंतु पुढे मिथिलीन ब्लू या साध्या रंगद्रव्यानेही तोच परिणाम घडवून आणला. जादूचे एकमेव द्रव्य हाती लागण्याची आशा त्याबरोबर मावळली. अपयश म्हणावे असाच हा प्रसंग. पण वॅडिंग्टन यांनी त्यातून नेमका धागा उचलला. इशारा कोणताही असो, त्याला काय प्रतिसाद द्यायचा याची तयारी पेशीत आधीच झालेली असते, आणि ती तयारी जनुके करतात. भ्रूणशास्त्रज्ञ आणि जनुकशास्त्रज्ञ एकमेकांपासून दूर राहून काम करीत असलेल्या त्या काळात हा विचार धाडसाचा होता.

१९४२ साली त्यांनी या अभ्यासाला ‘एपिजेनेटिक्स’ हे नाव दिले. १९५७ च्या पुस्तकातील त्यांचे चित्र आजही पाठ्यपुस्तकांत छापले जाते: उतारावर ठेवलेला चेंडू, खाली फाटत जाणाऱ्या दऱ्या आणि त्या भूमीला खालून दोरांनी ताणून धरणारी जनुके. चेंडू म्हणजे पेशी. एकदा ती एका दरीत उतरली की शेजारच्या दरीत जाणे कठीण.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडचे वैज्ञानिक सल्लागार होते. १९४७ पासून एडिंबरा येथे पशुजनुकशास्त्राचे प्राध्यापक झाले. अन्नधान्याच्या रेशनिंगच्या त्या दिवसांत जनावरांची पैदास सुधारणे ही देशाची निकड होती. वॅडिंग्टन यांचे स्वतःचे मन मात्र फळमाशीत रमलेले. माश्यांच्या कोषांना उष्णतेचा धक्का दिल्यावर काहींच्या पंखांतील एक आडवी शीर नाहीशी होई. अशा माश्यांची पिढ्यान् पिढ्या निवड केल्यावर पुढे धक्क्याशिवायही ती शीर उमटेना. अर्जित गुण वारशात उतरतात या लामार्कच्या मताकडे हे झुकते, असा आक्षेप आला. वॅडिंग्टन यांचे स्पष्टीकरण वेगळे होते: भेद माश्यांत आधीच सुप्त होते, धक्क्याने ते निवडीसमोर आले.

जीवाणूंवरील प्रयोगांनी रेणवीय जीवशास्त्राला झपाट्याने यश मिळत असताना वॅडिंग्टन यांचे दऱ्याखोऱ्यांचे चित्र अनेकांना निव्वळ तत्त्वचिंतन वाटले. त्यात अन्यायही होता. कारण त्यांचा प्रश्न जीवाणूंचा नव्हता, अनेक ऊतींच्या शरीराचा होता.

२६ सप्टेंबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच वर्षी सस्तन प्राण्यांच्या संदेशवाहक आरएनएमध्ये अ‍ॅडेनीनवर मिथिल गट असल्याचे आढळले होते. लठ्ठपणाशी संबंध असलेल्या एफटीओ जनुकाचे प्रथिन हाच गट आरएनएवरून काढून टाकते, हे २०११ साली सिद्ध झाले. त्यानंतर डुकराच्या स्नायूतील आणि चरबीतील या खुणांचे नकाशे तयार झाले. जनुकांचा क्रम न बदलता या खुणा संदेशाचे आयुष्य आणि त्यापासून होणारी प्रथिननिर्मिती कमीअधिक करतात. आज एपिजेनेटिक्स म्हणजे डीएनएवरील रासायनिक खुणा एवढाच अर्थ बहुधा घेतला जातो, आणि आरएनएवरील खुणांसाठी वेगळी शाखाच उभी राहिली आहे. वॅडिंग्टन यांच्या मूळ शब्दात मात्र बीजांडापासून पूर्ण प्राण्यापर्यंतची सगळी वाट सामावलेली होती.